ऐन वेळीं आठवण देणारें टांचण

महाभारतांतील कर्णाची कथा मराठी घरांतील लहान मुलांनाहि ठाऊक असते. परशुरामाकडून मिळविलेली अस्त्रविद्या त्याला पूर्णपणें अवगत होती. पण खरी गरज पडेल त्याच क्षणीं ती तुला आठवणार नाहीं, असा गुरूचा शाप त्याच्या माथीं होता. पुढें कुरुक्षेत्रावर रथाचें चाक भूमीनें गिळलें, समोर अर्जुन उभा राहिला, आणि नेमकें त्याच वेळीं तें अस्त्र कर्णाला आठवेना. या कथेंतील शापाचा भाग सोडून दिला, तरी जें उरतें तें अगदीं रोजच्या अनुभवांतील आहे. परीक्षेच्या दालनांत बसलेल्या विद्यार्थ्याला पाठ असलेलें उत्तर आठवत नाहीं. घरांत कोणास एकाएकीं झीट आली, म्हणजे एरव्हीं जिभेच्या टोकावर असणारा डॉक्टरांचा टेलिफोन-नंबर कांहीं केल्या सुचत नाहीं. विद्या असणें निराळें आणि ती ऐन वेळीं हाताशीं येणें निराळें.

विद्यार्थ्याची विस्मृति चार गुणांवर निभावते. घरांतील घोटाळाहि बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मदतीनें निस्तरतो. परंतु जेथें विस्मृतीची किंमत दुसऱ्याच्या प्राणानें मोजावी लागते असें एक स्थळ आहे. तें म्हणजे शस्त्रक्रियागृह. तेथें भूल दिलेला रोगी मेजावर निजलेला असतो. तो कांहीं सांगूं शकत नाहीं, कोणाला हाक मारूं शकत नाहीं, कित्येकदां स्वतःचा श्वासहि घेऊं शकत नाहीं. त्याचा सारा भार पांचसात माणसांवर असतो: शस्त्रक्रिया करणारे सर्जन, भूल देणारे डॉक्टर, त्यांचे मदतनीस, परिचारिका आणि उपकरणें सांभाळणारा तंत्रज्ञ. अशा ठिकाणीं अचानक संकट ओढवलें, तर या माणसांच्या हाताशीं काय असावें, या प्रश्नाचा गेल्या कांहीं वर्षांत जगभर विचार झाला आहे. त्याचें एक उत्तर इतकें साधें आहे कीं, तें ऐकून प्रथम हसूंच यावें. तें उत्तर म्हणजे एक कागद: स्वस्थपणें विचार करून अगोदर तयार केलेली आणि संकटाच्या वेळीं मोठ्यानें वाचावयाची यादी.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आजची शस्त्रक्रिया पूर्वीच्या मानानें फार सुरक्षित झाली आहे. १८४६ सालीं ऑक्टोबरच्या १६ तारखेस बोस्टन येथें मॉर्टन यांनीं ईथरची भूल जाहीरपणें देऊन दाखविली. त्यानंतर दीड वर्षहि पुरें झालें नव्हतें, तोंच जानेवारी १८४८ मध्यें इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचें नख काढण्याकरितां दिलेल्या क्लोरोफॉर्मखालीं दगावली. त्या काळीं नाडीवर बोट ठेवणें आणि चेहऱ्याचा रंग पाहणें यापलीकडे डॉक्टरांच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें. आज रोग्याच्या बोटाला लावलेल्या एका चिमट्यावरून रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण क्षणोक्षणीं कळतें. उच्छ्वासांत कर्बवायु किती आहे तें पडद्यावर दिसतें. हृदयाचा प्रत्येक ठोका मोजला जातो. त्यामुळें प्राणघातक संकटें विरळा झालीं आहेत.

पण हें विरळेपणच एका अर्थानें धोक्याचें आहे. जें काम रोज करावें लागतें, त्याचें हाताला वळण पडतें. जें संकट एखाद्या डॉक्टराच्या उभ्या कारकीर्दींत एकदां येईल किंवा मुळींच येणार नाहीं, त्याचें वळण हाताला पडणार कसें? त्यानें तें पुस्तकांत वाचलेलें असतें, परीक्षेंत त्यावर उत्तरहि लिहिलेलें असतें; परंतु वाचन आणि प्रसंग यांच्यामध्यें पंधरा-वीस वर्षें गेलेलीं असतात. शिवाय तो प्रसंग आगाऊ सूचना देऊन येत नाहीं. नित्याची, साधी वाटणारी शस्त्रक्रिया चालू असतांनाच तो पुढें उभा राहतो.

२००५ सालच्या मार्च महिन्यांत इंग्लंडमध्यें असेंच घडलें. मार्टिन ब्रोमिली हे व्यवसायानें वैमानिक. त्यांची ३७ वर्षांची पत्नी नाकाजवळील सायनसच्या शस्त्रक्रियेकरितां रुग्णालयांत दाखल झाली. प्रकृति निरोगी, शस्त्रक्रिया किरकोळ, डॉक्टर अनुभवी, साधनें सर्व हाताशीं. भूल दिल्याबरोबर तिचा श्वासमार्ग बंद झाला. तोंडावाटे श्वासनलिकेंत नळी घालण्याचा प्रयत्न झाला; ती जाईना. दुसरे डॉक्टर मदतीस धांवून आले. त्यांनींहि प्रयत्न केला. रक्तांतील प्राणवायु धोक्याच्या रेषेच्या फार खालीं गेला होता. नळीहि जात नाहीं आणि प्राणवायुहि पोंचवितां येत नाहीं अशी स्थिति झाली म्हणजे गळ्याच्या पुढील बाजूस छेद देऊन थेट श्वासनलिकेंत वाट करावयाची, हा नियम वैद्यकाच्या पुस्तकांत होता, आणि त्या खोलींतील डॉक्टरांना तो ठाऊक होता. तरी वीस मिनिटांहून अधिक वेळ तोंडावाटेच नळी घालण्याचे प्रयत्न चालू राहिले. एका परिचारिकेनें गळ्याला छेद देण्याच्या सामानाची पेटी आणून ठेवली व तसें सांगितलेंहि. दुसरीनें अतिदक्षता विभागांत खाट राखून ठेवण्यास फोन केला. त्यांना संकटाचें स्वरूप कळलें होतें. परंतु त्यांचें बोलणें डॉक्टरांच्या मनापर्यंत पोंचलें नाहीं. ती स्त्री पुन्हां शुद्धीवर आली नाहीं. तेरा दिवसांनीं ती मरण पावली. तिच्यामागें दोन लहान मुलें राहिलीं.

ब्रोमिली यांनीं पुढें जें केलें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कोणाला शिक्षा व्हावी असा आग्रह त्यांनीं धरला नाहीं. विमानाला अपघात झाला म्हणजे जशी कारणांची चौकशी होते, तशी ती येथेंहि व्हावी आणि तिच्यांतून सर्वांनीं शिकावें, एवढेंच त्यांनीं मागितलें. २००७ सालीं त्यांनीं या विषयाला वाहिलेली एक संस्थाहि स्थापन केली. कुशल माणसें, पुरेशीं साधनें आणि योग्य ज्ञान हीं तिन्ही एका खोलींत असतांना रोगी कां दगावतो, हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचें उत्तर मनुष्यस्वभावांत सांपडतें. भीति आणि घाई यांच्या कचाट्यांत बुद्धीचा आवांका आखडतो. एरव्हीं जो मनुष्य पांच गोष्टींचा एकदम विचार करूं शकतो, त्याला एकच गोष्ट दिसूं लागते. चालू असलेला उपाय आणखी एकदां केला तर साधेल, असें मन पुनःपुन्हां सांगतें, आणि तो उपाय सोडून पुढच्या उपायाकडे वळण्याचा धीर होत नाहीं. वेळेचें भान सुटतें. दहा मिनिटें उलटलीं तरी दोन झाल्यासारखीं वाटतात. यांतच अधिकाराचा संकोच मिसळतो. धाकट्याला दिसत असतें, पण थोरांपुढें कसें बोलावें म्हणून तो घुटमळतो. बोललाच तर इतक्या आडपडद्यानें बोलतो कीं, त्याचा अर्थ कोणाच्या लक्षांत येत नाहीं. या चारी गोष्टींत अज्ञानाचा किंवा आळसाचा लवलेश नाहीं. म्हणून अधिक अभ्यास करा, अधिक काळजी घ्या, अशा उपदेशानें त्या दूर होणाऱ्या नव्हेत. बाहेरून कांहीं आधार लागतो.

हा आधार कसा असावा, याची कल्पना कांहीं नवी नाहीं. फिलाडेल्फियाचे सर्जन वेन बॅबकॉक यांनीं १९२४ सालींच असें सुचविलें होतें कीं, भूल दिलेल्या रोग्यावर संकट ओढवल्यास काय करावयाचें याचा ठराविक क्रम प्रत्येक शस्त्रक्रियागृहाच्या भिंतीवर लावलेला असावा आणि प्रत्येकाकडून तो घोटून घेतलेला असावा. सूचना उत्तम होती. परंतु वैद्यकानें ती फारशी मनावर घेतली नाहीं. ती मनावर घेतली विमानविद्येनें, आणि तीहि एक मोठा ठेंचा खाल्ल्यावर.

१९३५ सालच्या ऑक्टोबरची ३० तारीख. अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत डेटन शहराजवळ राइट फील्ड येथें बोइंग कंपनीच्या चार एंजिनांच्या नव्या प्रचंड विमानाची लष्करातर्फे परीक्षा चालली होती. मेजर प्लॉयर हिल हे नामांकित वैमानिक तें चालवीत होते. विमान जमिनीवरून उठलें, झपाट्यानें नाक वर करून चढलें, तोल जाऊन खालीं आलें आणि पेटलें. आंतील पांच जणांपैकीं मेजर हिल आणि कंपनीचे वैमानिक लेस्ली टॉवर यांचे प्राण गेले. चौकशींत असें निघालें कीं, यंत्रांत कसलाहि बिघाड नव्हता. विमान जमिनीवर उभें असतां वाऱ्यानें त्याचीं शेपटाकडील हलतीं पाखें आपटूं नयेत म्हणून तीं अडसर घालून जखडतात. उड्डाणापूर्वीं तो अडसर काढावयाचा असतो. तो काढावयाचा राहून गेला होता.

यावर उपाय काय? अधिक अनुभवी वैमानिक आणावा, तर हिल यांच्याहून अनुभवी कोण आणावयाचा? लष्करांतील वैमानिकांनीं निराळा विचार केला. हें यंत्र एकट्या माणसाच्या स्मरणशक्तीवर सोंपविण्यासारखें राहिलें नाहीं, हें त्यांनीं ओळखलें, आणि उड्डाणापूर्वीं, उड्डाण चालू असतां, उतरण्यापूर्वीं व उतरल्यानंतर करावयाच्या गोष्टींच्या छोट्या याद्या तयार केल्या. याद्यांत कसलेंहि गूढ ज्ञान नव्हतें. प्रत्येक वैमानिकाला ठाऊक असलेल्याच गोष्टी त्यांत होत्या. फक्त त्या वाचल्याखेरीज पुढें जावयाचें नाहीं, एवढाच दंडक नवा होता. तेंच विमान पुढें बी-१७ या नांवानें प्रसिद्धीस आलें आणि तशीं बारा हजारांहून अधिक विमानें बांधलीं गेलीं.

शस्त्रक्रियागृहांत अशी यादी जगभर पोंचावयास २००८ साल उजाडलें. त्या वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें १९ बाबींची एक यादी प्रसिद्ध केली. तिच्या कामीं पुढाकार घेणारे बोस्टनचे सर्जन अतुल गवांदे यांचे वडील मूळचे महाराष्ट्रांतील उटी या खेड्यांतले, ही गोष्ट मराठी श्रोत्यांना कौतुकाची वाटेल. या यादीचे तीन थांबे आहेत. भूल देण्यापूर्वीं रोगी तोच ना, शस्त्रक्रिया कोणत्या जागेवर करावयाची, त्याला कोणत्या औषधाचें वावडें आहे काय, हें पाहावयाचें. पहिला छेद घेण्यापूर्वीं सर्वांनीं आपलें नांव व काम सांगावयाचें, आणि जंतुनाशक औषध वेळेवर दिलें गेलें आहे ना, हें विचारावयाचें. रोगी खोलीबाहेर नेण्यापूर्वीं हत्यारें, सुया आणि कापसाच्या घड्या मोजून जुळवावयाच्या. दिल्ली, मनिला, टोरंटो, लंडन यांसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत या यादीचा अनुभव घेण्यांत आला. जानेवारी २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें तेथील शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर, आणि मोठ्या उपद्रवांचें शेंकडा ११ वरून ७ वर आलें.

ही झाली नित्याची यादी. संकट येऊं नये म्हणून घेतलेली खबरदारी. पण खबरदारी घेऊनहि संकट आलेंच, तर? त्याकरितां दुसऱ्या प्रकारची यादी लागते. बोस्टन येथील मंडळींनीं शस्त्रक्रियागृहांतील बारा संकटें निवडून प्रत्येकाचें एकेक पान तयार केलें. हृदय बंद पडणें, अतोनात रक्तस्राव, रक्तदाब एकाएकीं उतरणें, प्राणवायु घटणें, श्वासमार्ग हाताबाहेर जाणें, औषधाच्या वावड्यानें जीव धोक्यांत येणें, रक्तवाहिनींत हवेचा बुडबुडा शिरणें, शस्त्रक्रियागृहांत आग लागणें, अशीं तीं संकटें. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या भूलतज्ज्ञांनींहि याच धर्तीची एक पुस्तिका २०१२ सालीं सर्वांना खुली केली.

अशा पानाचा उपयोग कसा होतो, हें एका उदाहरणानें नीट समजेल. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें एक २१ वर्षांचा तरुण पाय मोडून रुग्णालयांत आला होता. त्याला मोडलेल्या पायापेक्षां भुलेचीच अधिक धास्ती होती; कारण त्याच्या नात्यांतील दहा माणसें भुलेपायीं दगावलीं होतीं. डॉक्टरांनीं सावधपणें त्याला नव्या प्रकारची भूल दिली, तरी त्याची नाडी धांवूं लागली, अंग तापूं लागलें. भूल तत्काळ थांबवून, अंगाला बर्फ लावून त्याला वांचविण्यांत आलें. डेनबरो व लव्हेल या डॉक्टरांनीं ही हकीकत १९६० सालीं प्रसिद्ध केली, आणि ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया’ या आनुवंशिक विकाराची जगाला ओळख पटली. ज्याच्या अंगीं हा दोष असतो तो माणूस एरव्हीं धडधाकट असतो. परंतु भुलेचे कांहीं वायु किंवा स्नायु शिथिल करणारें एक विशिष्ट औषध शरीरांत जातांच त्याच्या स्नायूंत जणूं वणवा पेटतो. उच्छ्वासांतील कर्बवायु वाढतो, नाडी धांवते, स्नायु ताठरतात, ज्वर चढतो, आणि उपाय न झाल्यास हृदय बंद पडतें.

यावर डँट्रोलीन नांवाचा रामबाण उतारा आहे. पण तो देण्याचा खटाटोप पाहावा. पहिली मात्रा वजनाच्या दर किलोस अडीच मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास १५० मिलिग्रॅम. जुन्या प्रकारच्या, आणि अजूनहि वापरांत असलेल्या, एका कुपींत २० मिलिग्रॅम भुकटी असते, आणि ती ६० मिलिलिटर शुद्ध पाण्यांत घोळून विरघळवावी लागते. म्हणजे पहिल्याच मात्रेला आठ कुप्या आणि जवळजवळ अर्धा लिटर पाणी. तें पाणी साधें शुद्ध पाणीच पाहिजे. नेहमींचें सलाइन चालत नाहीं. हें चालू असतांना भुलेचा वायु बंद करावयाचा, प्राणवायूचा प्रवाह वाढवावयाचा, सर्जनना काम आवरतें घ्यावयास सांगावयाचें, रोग्याचें अंग थंड करावयाचें आणि रक्तांतील पोटॅशियम तपासावयास पाठवावयाचें. शांतपणें ऐकतांनाहि हिशेबाची दमछाक होते. मग रोगी डोळ्यांदेखत जात असतांना हें सर्व क्रमवार आठवावें, अशी कोणाकडूनहि अपेक्षा करणें रास्त होईल काय? यादीचें पान हा भार उचलतें. मात्रा, पाणी, क्रम सर्व कांहीं त्यावर ठळक अक्षरांत असतें. डॉक्टरांचें मन आंकडेमोडींतून मोकळें होऊन रोग्याकडे लागतें.

चांगल्या पानाची रचनाहि विचारपूर्वक केलेली असते. एका संकटाला एकच पान. वाक्यें तोकडीं, अक्षर मोठें, जें आधीं करावयाचें तें आधीं. बोस्टनच्या याद्यांत अगदीं आरंभींच दोन गोष्टी येतात: मदत बोलवा, आणि या प्रसंगाचें नेतृत्व कोण करणार, तें विचारा. दुसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण सर्वजण एकदम धांवपळ करीत असतां कोणाचें ऐकावयाचें हें ठरलेलें नसलें, तर चार शहाण्यांची मदत एकमेकांच्या आड येते. श्वासमार्गाच्या संकटाविषयीं ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या ‘डिफिकल्ट एअरवे सोसायटी’ या संस्थेनें २०१५ सालीं चार पायऱ्यांचा जो क्रम प्रसिद्ध केला, त्यांतहि हेंच तत्त्व आहे. नळी घालण्याचे प्रयत्न किती करावयाचे याला मर्यादा घातलेली आहे. तो उपाय फसला कीं फसला असें उघड बोलून पुढच्या पायरीवर जावयाचें. आणि शेवटची पायरी गळ्याला छेद देण्याची. २००५ सालच्या त्या खोलींत हेंच पाऊल उचलण्याचा धीर कोणाला झाला नव्हता. निर्णयाचा क्षण आधींच लिहून ठेवला म्हणजे तो घेण्याचें ओझें कमी होतें.

या याद्यांचा खरोखर उपयोग होतो कीं नाहीं, याची परीक्षा रोग्यांवर घेणें शक्य नव्हतें; संकट केव्हां येईल याचा नेम नाहीं, आणि कांहींना यादी द्यावी, कांहींना देऊं नये, हें न्यायाचेंहि नाहीं. म्हणून यंत्राच्या साहाय्यानें श्वास घेणाऱ्या, नाडी चालणाऱ्या पुतळ्यांवर ती घेण्यांत आली. शस्त्रक्रियागृहांतील १७ पथकांपुढें एकंदर १०६ कृत्रिम संकटें उभीं केलीं. निम्म्या वेळां यादी हाताशीं होती, निम्म्या वेळां नव्हती. जानेवारी २०१३ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला. यादी नसतांना प्राण वांचविणाऱ्या आवश्यक कृतींपैकीं शेंकडा २३ राहून गेल्या. यादी असतांना शेंकडा ६. एकूणएक पथकांचें काम यादीनें सुधारलें. शेवटीं त्या डॉक्टरांना व परिचारिकांना विचारण्यांत आलें कीं, मेजावर तुम्ही स्वतः असतां आणि असें संकट आलें असतें, तर यादी वापरावी असें तुम्हांला वाटलें असतें काय? शेंकडा ९७ जणांनीं होकार दिला.

मात्र या सरावांतून आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. यादी खोलींत असली तरी ती वापरली जाईलच असें नाहीं. जो उपचार करण्यांत गुंतला आहे, त्याला कागद उघडण्यास हात नसतो आणि मनहि नसतें. म्हणून वाचण्याकरितां एक निराळा माणूस नेमावा, त्यानें दुसरें कांहीं करूं नये, एकेक बाब मोठ्यानें वाचावी आणि ती झाली असें उत्तर मिळाल्याशिवाय पुढें जाऊं नये, असा प्रघात पडूं लागला. आपल्याकडील जुन्या श्रौत यज्ञांची रचना ज्यांना माहीत आहे, त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. होता, अध्वर्यु, उद्गाता हे तिघे ऋत्विज आपापल्या कर्मांत मग्न असतात. चौथा ब्रह्मा मात्र बहुतेक वेळ मौन धरून बसतो. सर्व कर्मावर लक्ष ठेवावयाचें आणि कोठें चूक झाली तर ती दाखवून प्रायश्चित्त सांगावयाचें, हें त्याचें काम. कर्म करणाऱ्याला आपली चूक दिसत नाहीं, म्हणून पाहणारा निराळा हवा, हें त्या काळच्या लोकांनीं जाणलें होतें. शस्त्रक्रियागृहांत वाचणारा हा बहुधा वयानें व अधिकारानें धाकटा असतो. पण हातीं यादी आली कीं त्याच्या बोलण्याला बळ येतें; तो स्वतःचें मत सांगत नसून सर्वांनीं मिळून आधीं मान्य केलेला क्रम वाचून दाखवीत असतो. थोरांचा मान राहतो आणि धाकट्याचा संकोचहि सुटतो.

आतां आक्षेपांकडे वळावयास हवें. कांहींना वाटतें कीं, कागद पाहून उपचार करणें हा विद्वत्तेला कमीपणा आहे. पण मंत्र मुखोद्गत असलेले याज्ञिकहि पूजेला बसतांना पुढें पोथी ठेवतात, आणि त्यामुळें यजमानाच्या मनांतील त्यांची प्रतिष्ठा उणी होत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: संकट पुस्तकाबरहुकूम येत नाहीं, मग यादी कशी पुरी पडणार? ती पुरी पडत नाहींच. १५ जानेवारी २००९ रोजीं न्यूयॉर्कवर पक्ष्यांचा थवा आदळून एका विमानाचीं दोन्ही एंजिनें निकामी झालीं. तेव्हां विमान सुमारें २,८०० फूट उंचीवर होतें. पाण्यावर टेकेपर्यंत अवघीं साडेतीन मिनिटें मिळालीं. सहवैमानिक स्काइल्स यांनीं लगेच यादी उघडली. परंतु ती २० हजार फुटांवरील उंचीचा विचार करून रचलेली असल्यानें तिचा तिसरा हिस्साच वाचून झाला. मुख्य वैमानिक सलेनबर्गर यांनीं यादींत बरेंच पुढें येणारें एक काम, साहाय्यक वीजयंत्र सुरू करण्याचें, यादीची वाट न पाहतां आधींच केलें, आणि हडसन नदीवर विमान उतरवून १५५ च्या १५५ जणांना वांचविलें. यादी रचणाऱ्यांनीं यांतून धडा घ्यावा कीं, वेळ किती मिळेल याचा अंदाज घेऊन ती आंखली पाहिजे. आणि वापरणाऱ्यांनीं हा कीं, यादी विवेकाची मदतनीस आहे, त्याची जागा घेणारी नव्हे.

तिसरा धोका सर्वांत मोठा. तो म्हणजे यादीचें कर्मकांड होणें. २०१४ सालीं कॅनडांतील आँटेरिओ प्रांतांतील १०१ रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. तेथें शस्त्रक्रियेची नित्याची यादी सक्तीची करण्यांत आली होती. तरी मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ०.७१ वरून ०.६५ एवढेंच उतरलें, आणि हा फरक गणितशास्त्राच्या कसोटीस उतरला नाहीं. याउलट अमेरिकेंतील साउथ कॅरोलिना संस्थानांत ज्या १४ रुग्णालयांनीं स्वखुषीनें, शिक्षण घेऊन, चर्चा करून यादी अंगीं बाणविली, तेथें २०१० ते २०१३ या काळांत शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३.३८ वरून २.८४ वर आलें. इतर रुग्णालयांत तसा उतार दिसला नाहीं. कागद तोच, पण एके ठिकाणीं हुकूम म्हणून आला आणि दुसरीकडे पटवून घेतला गेला. शाळेंतहि तक्ता भिंतीवर टांगल्यानें पाढे येत नाहींत. ते म्हणवून घ्यावे लागतात.

तेव्हां एखाद्या रुग्णालयानें मनावर घेतलेंच, तर काय करावें? दुसऱ्यांची यादी घ्यावी, पण ती आपल्या ठिकाणास जुळवून घ्यावी: रक्तपेढीचा व अतिदक्षता विभागाचा फोन कोणता, उताऱ्याचीं औषधें कोणत्या कपाटांत, हृदयाला विजेचा झटका देणारें यंत्र कोठें, हें आपलेंच लिहिलें पाहिजे. पानें प्रत्येक शस्त्रक्रियागृहांत डोळ्यांपुढें, एकाच ठराविक जागीं टांगावीं. कुलपांत ठेवलेलें टांचण नसल्यासारखेंच. खोलींतील प्रत्येकाला, मावशी-वॉर्डबॉयनासुद्धां, कळेल अशा भाषेंत तीं वाचलीं जावीं. महिन्या-दोन महिन्यांनीं अर्धा तास काढून लटकें संकट उभें करावें आणि यादी वाचून पाहावी. सर्जननींहि त्या वेळीं हजर राहावें. खरा प्रसंग येऊन गेलाच, तर दुसऱ्या दिवशीं एकत्र बसून, कोणावर ठपका न ठेवतां, यादींत काय उणें पडलें तें पाहावें व तें भरून काढावें. यांतील एकाहि गोष्टीला मोठें भांडवल लागत नाहीं. थोडा वेळ लागतो, आणि आपलीहि स्मरणशक्ति ऐन वेळीं दगा देईल हें कबूल करण्याची तयारी लागते.

घरच्या माणसांनाहि यांत एक वांटा आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टर विचारतात तेव्हां औषधाचें वावडें, पूर्वीच्या भुलेच्या वेळीं झालेला त्रास, नात्यांतील कोणी भुलेखालीं दगावलें असल्यास ती हकीकत, हें सर्व न लाजतां, न विसरतां सांगावें. मेलबर्नच्या त्या तरुणानें आपली धास्ती बोलून दाखविली म्हणून त्याचे डॉक्टर सावध राहिले, आणि पुढें कित्येक कुटुंबांना त्याचा लाभ झाला. हें सांगावयाचें तेंहि रुग्णालयांत जाण्याच्या गडबडींत आठवेल असा भरंवसा धरूं नये. आदल्या दिवशीं स्वस्थ बसून एका कागदावर लिहावें आणि तो कागद बरोबर न्यावा.